पोस्टल म्युझियमची बोगद्यातली गाडी : व्हीलचेअर, काठी, गुडघेदुखी असेल तर तयारी कशी करायची

लंडनमधल्या बाकीच्या मोठ्या म्युझियमचं कसंय, रॅम्प आहे का, लिफ्ट आहे का, टॉयलेट कुठंय एवढं बघितलं की निम्मं काम झालं. पोस्टल म्युझियमचं तसं नाहीये. तिथं एका बाजूला नेहमीसारखं म्युझियम आहे आणि रस्ता ओलांडला की समोर जुना डेपो, त्याच्या खाली बोगदा आणि बोगद्यात फिरवणारी छोटी गाडी, मेल रेल म्हणतात तिला. म्युझियमला लागू होणारे नियम आणि गाडीला लागू होणारे नियम एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. लोक "लिफ्ट आहे" एवढं वाचतात, खूश होऊन सहाच्या सहा तिकिटं काढून टाकतात आणि प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर कळतं की आजींना गाडीत बसता येणार नाही. मग तिथंच चर्चा, रुसवेफुगवे, मागे रांग थांबलेली. हे सगळं घरी बसून टाळता येतं, म्हणून हे लिहितोय.

गाडी एवढी अवघड का आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम उगाच खडूस वाटणार नाहीत. ही रेल्वे माणसांसाठी बांधलेलीच नव्हती. १९२७ ते २००३ पर्यंत लंडनच्या पोटातून टपालाच्या थैल्या वाहायची ती, पॅडिंग्टन ते व्हाइटचॅपल, साधारण साडेदहा किलोमीटर, वाटेत एकूण आठ स्टेशनं आणि गाडीला ड्रायव्हरच नाही, सगळं विजेवर. जमिनीखाली जवळपास २१ मीटर. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. मुख्य बोगदा नऊ फुटी, आणि स्टेशनं जवळ आली की तो दुभागून सात-सात फुटांच्या दोन नळ्या होतात. नळी गोल असते हे लक्षात घ्या, म्हणजे सात फूट ही फक्त मधली उंची, कडेला त्याहून कमीच. (बोगदे पहिल्या महायुद्धाच्या काळातच खणून झाले होते पण गाड्या सुरू व्हायच्या होत्या, तेव्हा ब्रिटिश म्युझियमने रोझेटा स्टोन (प्राचीन इजिप्तमधला कोरीव लेखाचा दगड) होलबर्नजवळ ह्याच रेल्वेच्या एका स्टेशनात दोन वर्षं सुरक्षित ठेवला होता. दगडाला काय, त्याला गुडघे नाहीत.)

तर अशा नळीतून २०१७ पासून माणसं फिरवतात, साधारण १५ मिनिटं. डबे अर्थातच बुटके, अरुंद, वर पारदर्शक झाकण.

आधी बाहेर यायचा रस्ता बघा, मग आत जायचा

ह्या पूर्ण विषयात एकच प्रश्न महत्त्वाचा आहे: गाडी बोगद्यात मध्येच बंद पडली तर हा माणूस बाहेर कसा येणार? बाकी सगळे नियम ह्या एका प्रश्नातून निघतात. लिफ्ट तुम्हाला प्लॅटफॉर्मपर्यंत नेते, पण बोगद्याच्या मध्ये लिफ्ट नसते. तिथून चालतच यावं लागतं, रुळांच्या कडेने, सपाट नसलेल्या जमिनीवरून, कमी उजेडात. म्हणून नेहमीच्या डब्यासाठी त्यांची अट असते की गाडीत स्वतःचं स्वतः चढता-उतरता आलं पाहिजे आणि वेळ आली तर बोगद्यातून चालत बाहेर पडता आलं पाहिजे.

आता इथं आपल्याकडचा ठरलेला उपाय कामाला येत नाही. "अहो आम्ही चौघं आहोत ना, उचलून बसवतो की बाबांना." बसवाल हो, प्रश्न बसवायचा नाहीये. सात फुटी गोल नळीत, मध्ये रूळ, कडेला गाडी उभी, अशा जागेत एका माणसाला उचलून चार जण शेजारी शेजारी चालूच शकत नाहीत. आणि त्या गाडीत मागे बसलेली लहान मुलं, त्यांची आई, हे सगळे त्याच वाटेने तुमच्या मागे अडकणार. त्यामुळे स्टाफ नाही म्हणाला तर वाद घालू नका, तो उद्धटपणा करत नाहीये. शिवाय बाबांना सगळ्यांसमोर पोत्यासारखं उचललेलं आवडेल का हे कोणी त्यांना विचारतच नाही, ते वेगळंच.

घरी करून बघायची परीक्षा

"जमेल हो, हळूहळू जाईन" ह्या वाक्यावर विश्वास ठेवू नका, विशेषतः सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या. करून बघा. घरातलं सगळ्यात बुटकं स्टूल घ्या किंवा लहान मुलांची खुर्ची. समोर दुसरी खुर्ची इतकी जवळ ओढा की गुडघे जवळजवळ टेकतील. आता बाजूने आत शिरून बसायचं, म्हणजे एक पाय उचलून आत ठेवायचा आणि त्याच वेळी डोकं खाली घालायचं, जणू वर छप्पर आहे. हा जो एकाच वेळी वाकणं आणि पाय उचलणं प्रकार आहे ना, तिथंच कंबरदुखीवाले आणि गुडघे बदललेले लोक अडकतात. बसलात की १५ मिनिटं हलायचं नाही, पाय लांब करायचे नाहीत. मग उठायचं, कोणाचा हात न धरता, आणि परत बाजूनेच बाहेर यायचं.

हे जमलं तर दुसरा भाग. जवळच्या बागेत किंवा मैदानात जिथं खडी आहे, खाचखळगे आहेत अशा ठिकाणी न थांबता दहा मिनिटं चालायचं. काठी चालेल का, हे म्युझियमला विचारा, पण घरी बघताना काठी घेऊन आणि काठीशिवाय दोन्ही बघा. दम लागत असेल तर तेही लिहून ठेवा. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, की व्हीलचेअरवरून उठून शेजारच्या खुर्चीत स्वतः बसता येणं आणि बोगद्यातून चालता येणं ह्या दोन वेगळ्या क्षमता आहेत. पहिली असली आणि दुसरी नसली तरी नेहमीच्या डब्यात नाहीच म्हणतील.

उलटंही असतं. एरवी दम लागतो म्हणून लांबच्या अंतराला व्हीलचेअर वापरणारे पण गरज पडली तर चालू शकणारे बरेच लोक असतात, ते उगाच घाबरून "आम्हाला नाही जमणार" म्हणून सोडून देतात. त्यांनी जरूर विचारावं.

ईमेल कशी लिहायची

फोनपेक्षा ईमेल बरी, उत्तर लेखी हातात राहतं आणि त्या दिवशी काउंटरवर दुसराच माणूस असला तरी दाखवता येतं. "माझे वडील डिसेबल्ड आहेत, ॲक्सेस आहे का" असं लिहिलंत तर "होय, म्युझियम ॲक्सेसिबल आहे" असंच छापील उत्तर येणार. आजाराचं नाव लिहून उपयोग नसतो, काय जमतं आणि काय जमत नाही ते लिहा: किती पायऱ्या चढू शकतात, आधाराशिवाय किती वेळ चालू शकतात, बुटक्या सीटवरून उठता येतं का, अंधारात तोल जातो का, व्हीलचेअर हाताची आहे की बॅटरीची, तिची रुंदी किती आणि माणसासकट वजन किती (लिफ्टसाठी लागतं हे, लाजू नका).

मग प्रश्न विचारा. आम्ही येणार त्या दिवशी व्हीलचेअर घेणारा डबा किंवा तशी काही सोय आहे का आणि त्याचा स्लॉट वेगळा बुक करायचा का. गाडीत बसल्यावर व्हीलचेअर किंवा वॉकर कुठं ठेवतात, आणि उतरल्यावर ते लगेच हाताशी येतं का. लिफ्ट बंद असेल तर आम्हाला आधी कळवणार का. हा शेवटचा प्रश्न फार कामाचा, कारण खाली जायला लिफ्टवरच अवलंबून असलेल्या माणसाचा लिफ्ट बिघडली की अख्खा दिवस गेला. आणि सोबत्याचं तिकीट. ब्रिटनमध्ये बऱ्याच म्युझियममध्ये मदतनीस म्हणून येणाऱ्या एका माणसाचं तिकीट फुकट असतं, पण ते ऑनलाइन यादीत वेगळं निवडावं लागतं, नंतर पैसे परत मागण्यात मजा नाही. भारतातून येत असाल तर यूडीआयडी कार्ड (आपल्याकडचं अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) बरोबर ठेवा, तिथल्या कायद्यात त्याला काही स्थान नाही पण कोणी पुरावा मागितलाच तर डॉक्टरच्या इंग्रजी पत्राबरोबर दाखवायला बरं पडतं.

कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा, की २०१० च्या इक्वालिटी ॲक्टप्रमाणे त्यांना अपंग व्यक्तीसाठी वाजवी बदल करावेच लागतात. पण ह्याचा अर्थ प्रत्येकाला बोगद्यात न्यावंच लागतं असा नाही. सुरक्षित नाही म्हणून नाही म्हणू शकतात, पण मग "बदल्यात काय" हा प्रश्न तुम्ही विचारायचा आणि त्याला त्यांच्याकडे उत्तर पाहिजे.

गाडीत न बसणाऱ्यांचं काय

ह्या भागाकडे घरोघरी सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ठरलेला सीन असा की आजोबा म्हणतात, "तुम्ही या जाऊन, मी बसतो इथं," आणि मग सगळ्यांचे कोट, पर्सेस, पाण्याच्या बाटल्या आजोबांच्या मांडीवर आणि आजोबा तासभर भिंतीकडे बघत. हे असं होऊ देऊ नका.

ज्यांना गाडी जमत नाही त्यांच्यासाठी डेपोतच शो असतो, गाडीतून जे दिसतं-ऐकू येतं ते पडद्यावर दाखवतात. डेपोत लिफ्टने जाता येतं. आणि खरं सांगायचं तर डेपो ही जागाच बघण्यासारखी आहे, इथं ह्या गाड्या दुरुस्तीला यायच्या, तिथली ती लोखंडी, तेलकट कारखान्याची कळा अजून शिल्लक आहे. मशीन, जुनी रेल्वे, वर्कशॉप असल्या गोष्टींत आयुष्य गेलेला माणूस असेल तर त्याला गाडीपेक्षा हेच जास्त आवडेल. धावत्या रेल्वेत पत्रं कशी सॉर्ट करायचे ते दाखवणारा हलत्या फरशीचा खेळ पण आहे, तोल जाणाऱ्यांनी मात्र आधी दुसऱ्याला करताना बघावं. समोरच्या म्युझियममध्ये हवेच्या दाबाने चिठ्ठ्या पाठवायच्या नळ्या आहेत, बसल्या जागेवरून चिठ्ठी टाकली की सुर्रकन दुसरीकडे, हा तर व्हीलचेअरवरच्या मुलांचाही हमखास आवडता.

माझं मत असं की चार-सहा जण असाल तर गाडीचे दोन वेगळे स्लॉट घ्या. पहिल्या खेपेला निम्मे जण गाडीत, निम्मे आजोबांबरोबर शोला, मग उलट. म्हणजे कोणी एकटं पडत नाही आणि कोणाला त्याग केल्यासारखंही वाटत नाही. आणि कोण बसणार, कोण नाही हे घरी चहा पितानाच ठरवून टाका, गेटवर नाही. गेटवर ठरवलं की माणूस संकोचाने एकतर जमत नसताना हो म्हणतो नाहीतर जमत असताना नाही म्हणतो.

डोळे, कान, आवाज, अंधार

चालण्याचा प्रश्न नसला तरी सुटलो असं नाही. गाडीत वाटेत दिवे जातात, अंधार होतो, भिंतींवर फिल्म दिसते, मोठे आवाज येतात. बंद जागेची भीती असलेल्यांनी झाकण बंद होईपर्यंत निर्णय घ्यायचा, एकदा गाडी निघाली की मध्येच उतरता येत नाही. फिट्स येत असतील तर चमकत्या दिव्यांबद्दल आधीच विचारा. दम्याचा पंप पर्समध्ये नाही, खिशात, कारण बसल्यावर तेवढीही हालचाल करायला जागा नसते.

कानाने कमी ऐकू येणाऱ्यांची अडचण वेगळीच. एरवी ओठ बघून समजणारा माणूस अंधारात एकदम एकटा पडतो. त्यातून इमर्जन्सीची सूचना स्पीकरवरून आली तर त्याला कळणारच नाही. म्हणून दोन गोष्टी करा: चढायच्या आधी स्टाफला सांगून ठेवा की ह्यांना ऐकू येत नाही, आणि आपापसात हाताची खूण ठरवा, एकदा दाबलं की सगळं ठीक, दोनदा दाबलं की माझ्याबरोबर उठायचं. गाडीतल्या निवेदनाची लेखी प्रत मिळते का तेही विचारून बघा, आधी वाचलेलं असलं की नुसतं बघत बसायलाही मजा येते.

दिसत नसलेल्यांना मात्र ही राइड उलट छान जमू शकते, कारण बरंचसं निवेदन आहे, आवाज आहेत आणि बोगद्यातली थंड हवा अंगाला जाणवते. त्यांच्यासाठी चढायची जागा महत्त्वाची. शक्य असेल तर थोडं लवकर जाऊन दार किती उंच, छप्पर कुठं, हे हात लावून बघू द्या म्हणावं. असिस्टन्स डॉग असेल तर तो गाडीत येऊ शकतो का आणि नसेल तर तेवढा वेळ त्याच्याकडे कोण बघणार, हे गृहीत न धरता आधी विचारायचं.

ऑटिस्टिक मूल असेल तर अचानकपणा कमी करणं एवढंच आपल्या हातात असतं. राइडचे व्हिडिओ ऑनलाइन सापडतात, ते दोन-चार दिवस आधीपासून दाखवा, पहिले आवाज बंद करून, मग आवाजासकट. दिवे जाण्याची जागा येते तिथं "आता अंधार, मग परत उजेड" असं रोज तेच वाक्य म्हणा आणि गाडीतही तेच म्हणा. कान झाकायचे हेडफोन घरून न्या. गर्दी नसलेली, शांत वेळ म्हणून मुद्दाम ठेवलेली सेशन्स ब्रिटनमधली बरीच म्युझियम ठेवतात, त्याची तारीख विचारा. सूर्यफुलांचा हिरवा लॅनयार्ड (गळ्यात घालायची पट्टी), २०१६ मध्ये गॅटविक एअरपोर्टवर सुरू झालेला, तो गळ्यात असला की दिसून न येणारी अडचण आहे हे स्टाफला न बोलता समजतं, मोठ्या माणसांनीही तो घालायला हरकत नाही.

पोचायचं कसं

नकाशात रसेल स्क्वेअर आणि चॅन्सरी लेन जवळ दिसतील, तिकडे जाऊ नका, दोन्ही स्टेशनं स्टेप-फ्री, म्हणजे पायऱ्या न चढता-उतरता जाता येणारी, नाहीत. फॅरिंग्डनला उतरा, एलिझाबेथ लाइन आणि थेम्सलिंक ह्या रेल्वेंना रस्त्यापासून गाडीपर्यंत लिफ्टने जाता येतं. किंग्ज क्रॉसही स्टेप-फ्री आहे. पण फॅरिंग्डनपासून पुढे चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि तो भाग चढउताराचा आहे, हाताची व्हीलचेअर ढकलणाऱ्याला घाम फुटतो. मी तर सांगेन स्टेशनवरून सरळ ब्लॅक कॅब करा, लंडनच्या सगळ्या काळ्या टॅक्सींमध्ये रॅम्प असतो, चेअरवर बसूनच आत जाता येतं. बसलाही रॅम्प असतो आणि व्हीलचेअरवाल्याला बस फुकट आहे, फक्त बसमध्ये जागा एकाच व्हीलचेअरची, आधीच कोणी असेल तर पुढची बस. एका घरात दोन व्हीलचेअर असतील तर बसचा विचार सोडून द्या.

म्युझियम आणि गाडीचा डेपो रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत हे वर लिहिलंय, तर दोन्हीच्या मध्ये वेळ सोडा. गाडीच्या स्लॉटच्या निदान अर्धा तास आधी टॉयलेटसकट सगळं उरकून खाली असलेलं बरं. मोठ्या माणसाला झोपवून कपडे बदलायची गरज असेल तर साधं ॲक्सेसिबल टॉयलेट पुरत नाही, चेंजिंग प्लेसेस नावाची सोय शोधायची, त्यात बेड आणि उचलायचा हॉइस्ट असतो. त्याचा नकाशा ऑनलाइन आहे, सर्वात जवळचं कुठलं ते निघायच्या आधी बघून ठेवा. रडार की नावाची एक किल्ली मिळते, देशभरातली कुलूप लावलेली हजारो अपंगांची टॉयलेट्स तिने उघडतात. महिनाभर राहणार असाल तर ती घेऊनच टाका.

अशीच आणखी दोन ठिकाणं

यॉर्कला योर्विक व्हायकिंग सेंटर आहे. तिथंही जमिनीखाली गाडीत बसून फिरवतात, व्हायकिंग लोकांच्या गावातून, वासासकट. आणि वास म्हणजे खरंच वास हं, शेणाचे, माशांचे, ज्यांना वासाने मळमळतं त्यांनी विचार करा. पण तिथं व्हीलचेअर आत जाईल अशी गाडी आहे. मेख अशी की एका वेळी एकाच व्हीलचेअरवाल्याला आत घेतात, कारण परत तेच, आग लागली तर बाहेर कसं काढणार. त्यामुळे आधी वेळ बुक केल्याशिवाय यॉर्कपर्यंतचा प्रवास करू नका, दारात पोचल्यावर आत आधीच कोणी असेल तर थांबावं लागतं.

दुसरं वेल्समधलं बिग पिट, ब्लेनावॉनची जुनी कोळसा खाण. पाळण्यातून (खाणीच्या लिफ्टमधून) ९० मीटर खाली नेतात आणि खाणीत काम केलेली माणसंच फिरवून दाखवतात. व्हीलचेअरवाल्यांना खाली नेण्याची तयारी असते पण आधी ठरवावं लागतं. इथं अडचण वेगळ्या बाजूने येते. खाण असल्यामुळे ठिणगी पडू शकेल अशी कुठलीही वस्तू खाली नेता येत नाही, मोबाइल, बॅटरीचं घड्याळ, काडेपेटी सगळं वर काढून ठेवायचं. म्हणजे बॅटरीच्या व्हीलचेअरचा प्रश्न आला, श्रवणयंत्राचा आला, इन्सुलिन पंप, ग्लुकोज सेन्सर, पेसमेकर ह्या सगळ्यांचा आला. प्रत्येक यंत्राचं नाव घेऊन वेगवेगळं विचारा, "मेडिकल डिव्हाइस चालतं का" असं मोघम नको. वरून हेल्मेट, दिवा, कमरेला बॅटरी आणि श्वासाचं यंत्र मिळून पाचेक किलोचं ओझं अंगावर चढतं, मानेचा किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी हे धरूनच ठरवावं. आणि उंची एक मीटरपेक्षा कमी असेल तर लहान मुलाला खाली नेत नाहीत, तेव्हा त्याच्याबरोबर वर कोण थांबणार तेही आधी ठरवा, नाहीतर परत आजोबाच.